आधी जागा, मग संवाद

सन १५७९ च्या सप्टेंबरात अकबर बादशहाचा वकील गोव्यात येऊन पोचला. जेझुइट पाद्र्यांच्या नावे त्याने आणलेल्या पत्रातली मागणी सरळ होती. दोन जाणते पाद्री पाठवा, सोबत तुमचे धर्मग्रंथ द्या, मला तुमचा धर्म समजून घ्यायचा आहे. १७ नोव्हेंबरला तिघे जण निघाले. रुदोल्फ आक्वाव्हिवा हा इटलीतला तरुण सरदारपुत्र, आंतोनियो मोन्सेरात हा कातालान, आणि फ्रान्सिस्को एन्रिकिश हा होर्मुझचा, मुसलमानाचा ख्रिस्ती झालेला, फारसी जाणणारा. पुढच्या फेब्रुवारीअखेर ते फत्तेपूर सिक्रीला पोचले. बादशहाने बायबलचे खंड हाती घेतले, चुंबन घेऊन मस्तकी धरले. मग मौलवी आणि पाद्री समोरासमोर बसले. ईश्वर एक की त्रयीरूप, येशू देवाचा पुत्र की देवाचा पैगंबर, यावर वाद झडले. कोणी कोणाचे मत बदलले नाही. पण आक्वाव्हिवा तीन वर्षे त्या दरबारात राहिला आणि केसालाही धक्का न लागता १५८३ मध्ये गोव्याला परतला.

परतल्यावर थोड्याच दिवसांत, जुलै महिन्यात, सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावी तो मारला गेला. मारणारे मुसलमान नव्हते. ज्यांची देवळे पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केली होती, ते गावकरी होते. आक्वाव्हिवा त्या दिवशी वाद घालायला गेला नव्हता. क्रूस उभा करायला आणि चर्चसाठी जागा निवडायला तो सोबत्यांसह गेला होता.

गोव्यात धर्माधर्मांतल्या संवादाविषयी बोलायचे तर फत्तेपूर सिक्री आणि कुंकळ्ळी ही दोन ठिकाणे शेजारी मांडूनच बोलावे, असे मला ठामपणे वाटते. देवाच्या स्वरूपावरून माणसे तीन वर्षे भांडली आणि एकत्र जेवली. जमिनीच्या एका तुकड्यावरून रक्त सांडले. आज मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजांतल्या संवादाच्या नावाने जी व्यासपीठे उभी राहतात, तिथे अजूनही सिक्रीतलाच विषय चालतो. तुमचा धर्म काय म्हणतो, आमचा काय म्हणतो, दोघेही शांतीच शिकवतात. कुंकळ्ळीचा विषय तिथे निघत नाही. कोणाला कुठे राहू द्यायचे, कुठे प्रार्थना करू द्यायची, कुठे पुरू द्यायचे? माझ्या मते खरा संवाद याच प्रश्नांपासून सुरू होतो, आणि गोव्यापुरते बोलायचे तर त्याची सुरुवात पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतून व्हायला हवी.

याच तालुक्यांतून का, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो दि आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा शहर जिंकले आणि शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली. हे त्याने स्वतः आपल्या राजाला अभिमानाने लिहून कळवले आहे. वाचलेल्या मुसलमान स्त्रियांपैकी अनेकींना बाप्तिस्मा देऊन आपल्या सैनिकांशी त्यांची लग्ने लावली. म्हणजे गोव्यात जी पहिली ख्रिस्ती घरे उभी राहिली, त्यांतल्या कित्येक घरांतली आई मुसलमान होती. तिला कोणी विचारले नव्हते. ही गोष्ट दोन्ही समाजांना अवघड वाटते म्हणून ती कुठल्याच सभेत निघत नाही. पण रक्ताचे नाते म्हणून काही मोजायचे असेल, तर ते इथून मोजावे लागेल, आणि ते बळजबरीतून आले हेही सांगावे लागेल. नंतर १५६० मध्ये इन्क्विझिशन आले, बिगरख्रिस्ती उपासनेवर बंदी आली. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीत मुसलमान शेजारी म्हणून उरलाच नाही. ज्या शहरातून ते तीन पाद्री मौलवींशी बोलायला निघाले, त्या शहरात मौलवीला उघडपणे बांग देता येत नव्हती.

डिचोली आणि पेडणे यांचे तसे झाले नाही. हे मुलूख पोर्तुगीजांच्या हाती अठराव्या शतकात, डिचोली १७८० नंतर आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून आले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि नव्या काबिजादीतल्या लोकांच्या धर्माला व रूढींना हात लावणार नाही, असे वचन सरकारने दिले होते. म्हणून इथली देवळे जागेवर राहिली, मशिदीही जागेवर राहिल्या. डिचोलीत मुस्लिमवाडा आहे, टेकडीवर नमाजगाह आहे, सुर्लातारला जुनी मशीद आहे. चर्च इथे मागाहून आली. बार्देशमधून, नदीपलीकडून, शेतीसाठी आणि नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर आली. जुन्या काबिजादीत ख्रिस्ती माणूस आपल्याला मूळचा समजतो आणि मुसलमानाला नवखा. डिचोलीत हा क्रम उलटा आहे. इथे ख्रिस्ती कुटुंब आले तेव्हा मुसलमान कुटुंब आधीच घर करून होते, आणि त्याने वा हिंदू गावकऱ्याने त्याला पुढे जा म्हटले नाही. आधी कोण, मागाहून कोण, या हिशेबावर हक्क ठरवणाऱ्यांनी डिचोलीची ही गोष्ट लक्षात ठेवावी.

नमाजगाहीची हकीकत तर याहून मोठी आहे. परंपरा सांगते की ती औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर याने बांधली. सिक्रीच्या अकबराचा हा खापरपणतू. बापाविरुद्ध बंड फसल्यावर १६८१ मध्ये तो संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला आणि १६८३ मध्ये त्याचा मुक्काम डिचोलीत होता. इराणला जाण्यासाठी त्याला जहाज हवे होते आणि त्यासाठी गोव्याच्या पोर्तुगीजांशी त्याची बोलणी चालत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मराठ्यांनी गोव्यावर अशी धडक मारली की विजरई कोंद दि आल्व्होर याने संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला अधिकारदंड संताच्या हाती सोपवला आणि शहर वाचव म्हणून साकडे घातले. पुढे जानेवारी १६८४ मध्ये भीमगडावर तहाची बोलणी झाली तेव्हा मराठ्यांच्या बाजूने कवी कलश होता आणि मध्यस्थीला शहजादा अकबर. हिंदू छत्रपती, कॅथलिक विजरई आणि त्यांच्या मध्ये बोलणारा एक निर्वासित मुसलमान राजपुत्र. तो तह नीट पाळला गेला नाही, शहजादा १६८७ मध्ये इराणला निघून गेला. तरी माझ्या लेखी गोव्याच्या इतिहासातला हा संवाद सिक्रीतल्या संवादापेक्षा मोलाचा आहे. इथे बोलणाऱ्या प्रत्येकाचे काहीतरी पणाला लागले होते. गावे जळत होती, माणसे कैदेत होती, गढ्या कोणाकडे राहणार हे ठरायचे होते. पणाला काही नसते तेव्हा माणसे छान बोलतात आणि घरी जातात.

हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यात गोव्याने नात्याची एक गोष्ट रचली आहे, ती सर्वांना ठाऊक आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, या सख्ख्या बहिणी. त्यांतलीच एक मीराबाय म्हापशाला जाऊन ख्रिस्ती झाली, तीच मिलाग्रिस सायबीण. ईस्टरनंतर म्हापशाला फेस्त भरते तेव्हा हिंदू भाविक तेल घेऊन तिच्या पायाशी जातात. यातल्या बहुतेक बहिणींची गावे डिचोली आणि पेडण्यातली आहेत, हे विशेष. धर्म बदलला तरी बहीण बहीणच राहते, असे सांगणारी ही कथा जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

या कथेत मुसलमान नाही. मला ही उणीव कित्येक वर्षे खुपते आहे. लोकांनी नात्याचे गणित मांडले आणि मुस्लिमवाड्यातल्या शेजाऱ्याला त्यात घर दिले नाही. पण म्हापशाची सायबीण म्हणजे येशूची आई मरिया, आणि ती कुराणात आहे. कुराणाच्या एकोणिसाव्या सूरेचे नावच मरियम आहे, आणि कुराणात नावानिशी आलेली ती एकमेव स्त्री. ख्रिस्ती माणूस जिच्यापुढे मेणबत्ती लावतो आणि शिरगावचा धोंड, म्हणजे लईराईचा व्रतस्थ भक्त, जिला तिची बहीण म्हणतो, तिला मुसलमान पवित्र आणि निवडलेली म्हणून मानतो. धागा होताच, कोणी ओढून पाहिला नाही. अर्थात यावरून सगळे एकच आहे असे मी म्हणणार नाही. मुसलमानाच्या दृष्टीने मरियमचा मुलगा पैगंबर आहे, देव नव्हे, आणि तो क्रुसावर मेला हे कुराण नाकारते. ख्रिस्ती श्रद्धेचा कणा नेमका तिथेच आहे. हा भेद खरा आहे आणि तो झाकणे हा दोघांचाही अपमान आहे. एकाच आईविषयी दोन घरांत वेगळे सांगितले जात असेल, तर निदान त्यांनी एकमेकांचे ऐकून घेण्याइतके जवळ बसावे.

मराठीनेही हे बसणे घडवले नाही, याचे मला वाईट वाटते. पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्येच गोव्यात उतरला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापून निघाले. १६४५ मध्ये श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ पूर्ण केला. एका पिढीच्या अंतराने एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान ओवीबद्ध मराठीत परमार्थ सांगत होते. दोघांचाही श्रोता हिंदू परंपरेत वाढलेला होता. अल्पसंख्य माणूस नेहमी बहुसंख्याशी बोलतो. बाजूच्या दुसऱ्या अल्पसंख्याकडे पाहायला त्याला सवड होत नाही. आजही हेच चालले आहे. पेडण्यातला ख्रिस्ती आपण हिंदूंच्या नजरेत कसे दिसतो याची चिंता करतो, डिचोलीतला मुसलमानही तीच करतो. दोघांची चिंता एकच आहे हे मात्र ते एकमेकांना सांगत नाहीत.

आता आजच्या गोव्याकडे येतो. २०११ च्या जनगणनेत गोव्यात हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५ टक्के आणि मुस्लिम ८ टक्क्यांच्या आसपास होते. मुसलमानांतले पुष्कळजण उत्तर कर्नाटकातून रोजगारासाठी आलेले. ख्रिस्ती माणसाच्या मनात मुसलमानाविषयी अढी असते, तेव्हा ती त्रयीच्या सिद्धांतावरून नसते. ‘भायले’ आले, गाव भरला, मतदारयादी फुगली, ही ती अढी आहे. ही भीती सगळी खोटी आहे असे मी म्हणत नाही. गोव्याची जमीन खरोखरच हातची चालली आहे, तरुण पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडला गेले, जुनी घरे कुलूपबंद पडली आहेत. पण जमीन नेली कोणी? मोपाच्या विमानतळासाठी पेडण्याची २,००० एकरांहून अधिक जमीन गेली. तेरेखोलच्या ख्रिस्ती कुळांना गोल्फ कोर्ससाठी आपली काजूची झाडे आणि शेतजमीन जाऊ नये म्हणून झगडावे लागले. त्यांच्याकडे ही जमीन मागायला कानडी मजूर आला नव्हता.

आणि तरी विरोध सर्वांत कडवा होतो तो कब्रस्तानाला. मडगावजवळच्या सोनसोडोचा कब्रस्तानाचा प्रश्न वर्षानुवर्षे रखडला. मृताला पुरायला जागा मागणे म्हणजे गाव बळकावणे, असे भाषण मी स्वतः ऐकले आहे, आणि ते करणाऱ्याच्या गळ्यात क्रूस होता. त्या क्षणी मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. कारण गोव्यात आपल्या मृतांना मातीत ठेवणारे मोठे समाज हे दोनच. ख्रिस्ती माणसाला चांगले ठाऊक आहे की दफनभूमीत जागा नसणे म्हणजे काय. आमच्या चर्चच्या सिमितेरीत काही वर्षांनी अस्थी काढून कोनाड्यात ठेवतात आणि तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात. मृत्यूनंतर चार हात माती मिळावी ही इच्छा ज्याला स्वतःच्या आईसाठी समजते, त्याला ती शेजाऱ्याच्या आईसाठी समजू नये?

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती ख्रिस्ती समाजालाच विचारावी लागते. गेली पन्नास वर्षे गोव्यातली हजारो ख्रिस्ती घरे कुवेत, बहरीन, दुबई यांच्या पैशावर उभी राहिली. तिथे हे लोक परके होते, अल्पसंख्य होते. तिथल्या चर्चला जागा कोणी दिली? बहरीनचे सेक्रेड हार्ट चर्च १९३९ मध्ये उभे राहिले ते तिथल्या अमिराने दिलेल्या जमिनीवर. दुबईचे सेंट मेरीज चर्च १९६७ मध्ये उघडले तेही शेखने दिलेल्या जमिनीवर. शुक्रवारी सुट्टी म्हणून शुक्रवारी मिस्सा, कोंकणीतून प्रार्थना, सणाला तियात्र. मुसलमान राज्यकर्त्याच्या दानावर गोंयकाराने आपला धर्म तिथे जपला, आणि घरी परतल्यावर ग्रामसभेत कब्रस्तानाला हरकत घेतली.

यावर लगेच म्हटले जाते, सौदी अरेबियात एकही चर्च बांधू देत नाहीत, त्याचे काय? ते खरे आहे आणि अन्यायाचे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये पाकिस्तानात जरांवाला येथे जमावाने चर्च जाळली, ख्रिस्ती वस्त्या लुटल्या, हेही खरे. डिचोलीच्या जमातीने अशा वेळी बोलावे, शुक्रवारच्या नमाजीनंतर जाहीरपणे बोलावे, अशी माझी अपेक्षा आहे. परदेशातल्या मुसलमानांच्या दुःखावर मोर्चा काढता येतो, तर मुसलमानांनी केलेल्या अन्यायावर एक ठरावही करता यावा. पण या बोलण्याची अट घालून कब्रस्तान अडवणे मला मान्य नाही. डिचोलीतल्या मजुराचे प्रेत रियाधच्या कायद्यासाठी ताटकळत का राहावे?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दोन अल्पसंख्य समाज जवळ आले की बहुसंख्यांना तो आपल्याविरुद्धचा कट वाटतो. मार्च २००६ मध्ये सावर्डे-कुडचडे भागात मुसलमानांची घरे-दुकाने फोडली गेली, तेव्हा वातावरण किती लवकर बिघडू शकते हे गोव्याने पाहिले. म्हणूनच हा संवाद बंद खोलीत होऊ नये. पेडणे आणि डिचोलीत हिंदू बहुसंख्य आहेत, पंचायतीत तेच निर्णायक आहेत, आणि जागेचा प्रत्येक प्रश्न ग्रामसभेत त्यांच्यासमोरच यायचा आहे. भीमगडावर तीन बाजू होत्या. इथेही तीनच असाव्यात.

बोलण्यासारखे विषय तर पुष्कळ आहेत आणि ते व्यासपीठावर कधी येत नाहीत. समान नागरी कायद्यावर देशभर गदारोळ चालतो आणि प्रत्येकजण गोव्याचे नाव घेतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून इथे लागू झाली. गोव्यातले ख्रिस्ती आणि मुसलमान आज वारशाच्या एकाच कायद्याखाली जगतात, मुलीला मुलाइतका वाटा, पत्नीचा मालमत्तेत अर्धा हक्क. डिचोलीतल्या मुसलमान स्त्रीला हा हक्क प्रत्यक्षात मिळतो का, हरमलच्या ख्रिस्ती स्त्रीला भावांनी सही करून सोडायला लावला का, हे दोघींनी एकत्र बसून सांगितले तर दिल्लीतल्या कुठल्याही परिसंवादापेक्षा देशाच्या कामाचे ठरेल. खाणी बंद पडल्यावर, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये, डिचोलीत सर्व धर्मांच्या लोकांचे ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते सर्वांचेच थकले. त्या काळात कर्जाविषयी जे एकमेकांशी बोलले, ते धर्माविषयीही बोलू शकतील, कारण भरवसा आधीच तयार झालेला असतो.

वरून येणाऱ्या घोषणांना मी कमी लेखत नाही. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मुसलमानांविषयी आदराने लिहिले, गतकाळची वैरे विसरून परस्परांना समजून घ्या म्हटले. २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना पत्र लिहिले. २०१९ मध्ये अबू धाबीत पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. हे सारे गोव्याच्या पाद्र्यांना ठाऊक आहे. पण पेडण्याच्या कोणत्या चर्चमध्ये रविवारच्या प्रवचनात त्याचा अर्थ आपल्या गावापुरता सांगितला गेला? सिक्रीनंतर पंधरा-वीस वर्षांनी जेरोनिमो झेवियर हा दुसरा पाद्री मोगल दरबारात गेला, फारसी शिकला, आणि लाहोरच्या अब्दुस सत्तार या मुसलमान पंडिताच्या मदतीने १६०२ मध्ये येशूचे चरित्र फारसीत लिहून पुरे केले. पंडित त्याच्याकडून युरोपची भाषा शिकला. वाद जिंकण्याचा ध्यास दोघांनाही सुटला नसेल, पण एक वाक्य नीट बसवायला दोघांना एकमेकांची गरज पडली. मला असे काम हवे आहे, ज्यात एकावाचून दुसऱ्याचे अडते.

मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून चालू आहे. त्याच्याभोवती बांधकामे वाढत आहेत, मजूर येत आहेत, त्यांत मुसलमान आहेत, ओडिशा-झारखंडचे ख्रिस्ती आहेत. प्रार्थनेच्या आणि दफनाच्या जागेचे अर्ज पेडण्याच्या पंचायतींपुढे येतीलच. भडका उडाल्यावर शांतता समिती नेमण्यापेक्षा चर्चच्या पाद्रीने आणि मशिदीच्या जमातीने आत्ताच, हिंदू पंचांना सोबत घेऊन, एकत्र बसून जागा शोधावी, कागद तपासावेत आणि अर्जावर दोघांच्या सह्या असाव्यात. पुढाकार ख्रिस्ती समाजाने घ्यावा. गोव्यात त्याचा आवाज मुसलमानापेक्षा मोठा आहे, त्याच्याकडे शाळा आहेत, जमीन आहे, वकील आहेत, आणि परमुलखात दुसऱ्याच्या जमिनीवर आपली वेदी मांडण्याचा अनुभव त्यानेच घेतला आहे.